मुंगीची फ्रेंच

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मुंगी फ्रेंचमध्ये बोलली. मुंगी सात वर्षांची. घरात फ्रेंच कुणालाही येत नाही. आणि बोलली तेही एखादा सुटा शब्द नव्हे, चांगलं ऐसपैस वाक्य. वेळ तिच्या बाबाने पाहून ठेवली, कारण तो लिफ्ट तपासनीस होता आणि काही अनपेक्षित घडलं की त्याची नजर आधी मनगटाकडे जायची. प्रवेशाच्या खोलीत तो मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. समोर भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीखाली तीन भाषांत लिहिलेली चिठ्ठी होती. शिक्षिका मुंगीपुढे चित्रं ठेवत होत्या, इथल्या भाषेत हे काय, ते काय विचारत होत्या, आणि मुंगी नेहमीप्रमाणे मान हलवून काम भागवत होती. शिक्षिकांचा कोपर लागून पेन्सिलींचा डबा पडला. पेन्सिली टेबलाखाली, कपाटाखाली, त्याच्या बुटांपर्यंत घरंगळत आल्या. शिक्षिका उचलायला वाकल्या, तेवढ्यात मुंगी खुर्चीवरून उतरली, एक हात कमरेवर ठेवला आणि बोलली. आवाज तिचा नव्हता, म्हणजे तिचाच होता, पण खालच्या पट्टीतला, बसका, जरा वैतागलेला. घरी मराठीत ती अजून लाडात शब्द चघळत बोलते. हा आवाज पन्नाशी उलटलेल्या, दोन पिढ्यांचे कपडे धुऊन झालेल्या बाईचा होता. शिक्षिका वाकल्या तशाच राहिल्या, मग हसत सुटल्या, आणि डोळे पुसत त्याला इथल्या भाषेत म्हणाल्या, "काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, राहू द्या, वाकू नका. पेन्सिली शाळेच्या आहेत, गुडघे तुमचे आहेत." त्याला हसावं की माफी मागावी ते कळेना. "घरी कोण बोलतं फ्रेंच?" शिक्षिकांनी विचारलं. तो म्हणाला, कुणी नाही. शिक्षिकांनी त्याच्याकडे अशा माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, ज्याच्या घरी खालच्या मजल्यावर कोण राहतं हे त्यालाच ठाऊक नाही. "गंमत आहे," त्या म्हणाल्या. "अशी फ्रेंच मी शेवटची ऐकली ती माझ्या वडिलांच्या मावशीकडून. आता कुणी असं बोलत नाही. पण काळजी करू नका, आमच्याकडे दोन महिन्यांत सरळ होईल."

बाहेर आल्यावर त्याने मुंगीला विचारलं, "तुला कुणी शिकवलं ते?" मुंगी फुटपाथच्या फरश्यांवरून एक सोडून एक पाय टाकत होती. "काय ते?" म्हणाली. "ते आत बोललीस ते." "मी बोलले नाही, त्या वाकत होत्या म्हणून सांगितलं." यापुढे काही निघालं नाही. बायकोला फोन लावला तर ती मीटिंगमधून कुजबुजली, "कार्टून बघत असेल. लागली का सीट?" लस साठवण्याच्या थंड खोल्या बांधणाऱ्या कंपनीत ती होती आणि दर तीन वर्षांनी तिची बदली व्हायची, पुढची बदली अकरा महिन्यांवर आली होती, कुठे ते अजून कळलं नव्हतं. ही शाळा त्यांनी निवडली ती त्यासाठीच. या शाळेच्या शाखा सगळीकडे होत्या, आणि बायकोच्या शब्दांत सांगायचं तर एका देशात पान चाळीसवर पुस्तक मिटलं तर दुसऱ्या देशात पान एक्केचाळीसवर उघडता येत होतं. दोन वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मुंगी पाच वर्षांची होती आणि जवळच्या साध्या शाळेत चार महिने ती एक अक्षर बोलली नव्हती. शू लागली तरी बोलायची नाही, नुसती दाराशी जाऊन उभी राहायची. तिथल्या बाईंनी कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. कान ठीक होते. ते चार महिने दोघंही नवराबायको एकमेकांना न सांगता रोज दुपारी बाराला घड्याळ बघायचे. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्या घरात एकमताने ठरलेलं होतं.

लिफ्ट थांबली की सगळ्यात साधं कारण आधी बघायचं, हे त्याला कामाच्या पहिल्या वर्षी वस्तादाने शिकवलं होतं. मोटर उघडू नकोस, आधी दार नीट लागलंय का बघ. घरात येणारी चौथी व्यक्ती एकच होती. दुपारी अडीच ते सहा मुंगीला सांभाळायला बाई यायच्या. त्यांना नाव होतं, पण पहिल्या दिवसापासून घरात सगळे बाईच म्हणत आणि मुंगीच्या तोंडी ते नावासारखंच बसलं होतं. बाई साठीच्या, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशातून तिशीत इथे आलेल्या. कामावर घेताना बायकोने विचारलं होतं, तुमची भाषा कोणती. बाईंनी जे नाव सांगितलं ते दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. दोघांनी मान डोलावली, आणि त्याने नियमांचा कागद पुढे केला. कागद त्याने स्वतः तयार केला होता, लिफ्टमध्ये लावतात तसा, पाच कलमी, प्लॅस्टिकमध्ये घालून. खिडक्या, शेगडी, अनोळखी माणसं. आणि चौथं कलम, मुलीशी फक्त इथल्याच भाषेत बोलावे, स्वतःच्या भाषेत बोलू नये. म्हणजे शाळेत मुंगीची जीभ सुटेल. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. चहापत्तीचा डबा काढताना तो रोज दिसायचा, आणि रोज दिसणारी गोष्ट जशी दिसेनाशी होते तसा आता दिसायचा नाही. बुधवारी सकाळी डबा काढताना त्याने तो पुन्हा वाचला. वाचताना पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की तुमची भाषा कोणती हे त्यांनी विचारलं होतं, आणखी कोणती येते हे विचारलं नव्हतं. ज्या भाषेसाठी आता पाच पानी अर्ज भरला होता आणि कामाच्या दिवशी सुट्टी टाकून शाळेची इमारत पाहिली होती, ती घरात येऊ नये म्हणून त्यांनीच प्लॅस्टिकमध्ये घालून बंदी केली होती. त्याला राग आला नाही. जुन्या यंत्राचं झाकण काढल्यावर आत कुणीतरी वेगळ्याच रंगाची तार जोडून ठेवलेली दिसावी आणि यंत्र तर उत्तम चाललेलं असावं, तेव्हा वाटतं तसं काहीतरी वाटलं.

बुधवारी तो साडेतीनला घरी आला. जिन्याने आला. किल्ली हातात होती पण त्याने लावली नाही. दाराशी उभा राहिला. यंत्राला कान लावायची त्याची सवय जुनी, दोराला लागलेलं पाणीसुद्धा त्याला आवाजावरून कळायचं. आत दोन आवाज होते आणि दोन्ही एकाच पट्टीतले. एक बोलायचा, दुसरा त्याचं बोलणं मध्येच उचलायचा, मग दोघी थांबायच्या आणि काहीतरी ठेवल्याचा टक आवाज यायचा. भांडण होतं की गप्पा ते कळत नव्हतं. एक शब्द कळत नसताना त्याला इतकं मात्र कळलं की आत मुंगी कुणाच्या तरी बरोबरीने बोलते आहे. त्याच्याशी ती अशी कधी बोलली होती ते आठवेना. तो मुंगीशी काय बोलतो, हे दाराशी उभ्या उभ्या त्याने आठवून पाहिलं. बूट घाल. दूध संपव. दप्तर कुठे आहे. झोप आता. सगळी आज्ञार्थी. त्याच्या मराठीत मुंगी अजून तीनच वर्षांची होती, कारण तिला त्याने तिथून पुढे येऊच दिलं नव्हतं. त्याने किल्ली लावली. आतलं बोलणं जागच्या जागी थांबलं आणि दार उघडेपर्यंत इथल्या भाषेत सुरू झालं. टेबलावर मोज्यांचा ढीग होता. दोघी जोड्या लावत होत्या.

मुंगीला त्याने आतल्या खोलीत पाठवलं. बाई उठल्या नाहीत, हातातला मोजा उलटा होता तो सुलटा केला. "चौथा नियम," त्या म्हणाल्या. "मी मोडला." "कधीपासून?" "लिफ्ट बंद पडली तेव्हापासून." त्याला ते चटकन आठवलं. दीड वर्षापूर्वी, दुपारी तीन वाजून पाच मिनिटं ते तीन पंचेचाळीस. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. त्याच्याच इमारतीतली लिफ्ट, आत त्याचीच मुलगी. संध्याकाळी हत्यारं घेऊन तो स्वतः वर चढला होता, दाराच्या स्विचचा झिजलेला पत्रा शोधून काढला होता आणि सोसायटीला तीन पानी अहवाल दिला होता, फोटोंसकट. लोकांनी कौतुक केलं होतं. चाळीस मिनिटं लिफ्ट का थांबली हे त्याने तीन पानं लिहिलं. चाळीस मिनिटं आतल्या दोघींनी काय केलं हे त्याने विचारलं नव्हतं. "दिवा गेला होता," बाई म्हणाल्या. "मुलगी घाबरली नव्हती, मी घाबरले होते. घाबरल्यावर माणूस कपाटावरचा कागद वाचत नाही. माझ्या तोंडून फ्रेंच निघायला लागली. आमच्याकडे शाळेत आपली बोली बोललं तर उन्हात उभं करायचे. पाढे आणि भीती, दोन्ही मी फ्रेंचमध्येच शिकले. तर मी पाढे म्हणायला लागले. साताचा, आठाचा. ही म्हणाली, काय म्हणताय, मलाही सांगा. अकरापर्यंत गेलो, मग माणसं आली." त्यांनी पुढचा मोजा उचलला. "दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, बाई, लिफ्टमधलं बोला ना. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं." "मग म्हणाला का नाहीत?" बाईंनी मोजा जोडीला लावला. "पंचवीस वर्षं झाली कुणी मला काही मागितलं नव्हतं. काम सांगतात, मागत नाहीत." एवढं त्यांनी अगदी हिशोबी आवाजात सांगितलं, आणि लगेच विचारलं, "कामावरून काढणार?" तो म्हणाला, छे, उलट. पण उलट काय ते त्याला पुरं करता आलं नाही.

तो लहानपणी पाच वर्षं आत्याकडे होता. आत्या शिवणाचे क्लास चालवायची आणि टाचण्या तोंडात धरून बोलायची, त्यामुळे तिचे शब्द दातांच्या फटीतून चपटे होऊन यायचे, आणि त्यात तिची ती वेगळीच बोली. तोही तसाच बोलायचा. पुढे आईवडिलांनी शहरातल्या चांगल्या शाळेत आणून घातलं. पहिल्या दिवशी धडा वाचताना वर्ग हसला. मास्तर वाईट नव्हते, त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, दोन महिन्यांत सुधारशील. सुधारला. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर वडील त्याला वाचायला लावायचे. सुट्टीत आत्याकडे गेला तेव्हा आत्याने टाचण्या काढून ठेवल्या आणि त्याच्याशी सावकाश, नीट, पुस्तकी मराठीत बोलायला लागली. परक्या माणसाशी बोलतात तसं. "बस हं. पाणी घेतोस ना?" म्हणाली. त्याला वाटलं ती रागावली आहे. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती लाजली होती. आता ती नव्हती. मोज्यांच्या ढिगाशी उभा राहून त्याने तिचं एखादं वाक्य तिच्या पद्धतीने आठवून पाहिलं. शब्द आले, चाल आली नाही. जे आलं ते त्याच्याच शहरी मराठीत भाषांतर होऊन आलं होतं.

शाळेचं पत्र बुधवारी संध्याकाळी आलं. मुंगीला जागा देता येईल, गुरुवारी आणखी एकदा बसवून पाहू. होकार शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळवावा, अन्यथा जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. खाली दोन बाबी होत्या. पहिल्या वर्षी मुलाने साडेपाचपर्यंत शाळेत थांबणं आवश्यक. आणि घरी फ्रेंच बोलणारी व्यक्ती शाळेच्या पद्धतीपेक्षा वेगळी बोलत असल्यास, वर्षभर तिने मुलाशी फ्रेंच टाळावी, ही नम्र विनंती. बायकोने वाळत घातलेले कपडे काढता काढता ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "घे. तुझाच चौथा नियम, नुसता लेटरहेडवर." त्याला हसू आलं. "म्हणजे नाही म्हणायचं?" "मी कुठे म्हटलं? अकरा महिन्यांनी आपण कुठे असू ते देवाला माहीत. तिथे बाई नसतील रे. शाळा असेल." "हो, पण..." "पण काय? तुला ती आवडली, ती गुडघ्यांची गोष्ट. मलापण आवडली. ऑफिसात तिघांना सांगितली. पण गोष्ट आवडली म्हणून पोरीला पुन्हा दाराशी उभी करायची का चार महिने?" बायको खरं तेच बोलत होती आणि खरं बोलताना ती चादरीची दोन टोकं त्याच्या हातात द्यायची, म्हणजे तो हात वर करून उभा राहायचा. "बाईंना सकाळचं काम देऊ," ती म्हणाली. "स्वयंपाकाचं बघतील." "त्यांना विचारलं मी, शाळेचं काय वाटतं." "मग?" "म्हणाल्या, चांगली आहे, पाठवा. तिथे सरळ करतील तिचं बोलणं." "बघ. त्यांना पटतंय." "मी म्हटलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तर म्हणाल्या, मला विचारून अजून कुणी शाळा ठरवलेली नाही. माझीसुद्धा." बायकोने चादरीची घडी अर्ध्यावर थांबवली. मग पुरी केली. "तू लिफ्ट तपास," ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. "माणसं उघडून बघायला बसलास ना, की कुणी वर जाणार नाही नि कुणी खाली येणार नाही."

गुरुवारी मुंगीला दोन शिक्षिकांनी चाळीस मिनिटं आत बसवलं. आत सोडताना त्याने बाईंच्या फ्रेंचबद्दल शिक्षिकांना सांगितलं होतं, आणि आता तो बाहेरच्या बाकावर होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलं पटांगणात सुटली. तीन भाषा एकमेकींवर आपटत होत्या. एक मुलगा एका भाषेत चिडवायचा, दुसऱ्या भाषेत पळायचा, पडल्यावर तिसऱ्या भाषेत रडायचा. त्याला ते फार बरं वाटलं. ही पोरं कुठेही उतरली तरी चालायला लागतील, असं वाटलं, आणि त्यांच्यात मुंगीला ठेवून पाहिलं. ती दिसली. छान दिसली. तिचा आवाज मात्र त्याला ऐकू येईना, खालचा की वरचा. दार उघडून मुंगी आली. शिक्षिका हसत होत्या पण मंगळवारसारख्या नाही. "आज बोलली," एवढंच म्हणाल्या, "कळवतो." रस्त्यावर त्याने विचारलं, "काय विचारलं गं?" "बाई कशा बोलतात ते." "मग?" "मग काय, सांगितलं त्यांना." "काय सांगितलं?" मुंगीने वर पाहिलं. "त्यांना सांगितलं ना बाबा." पुढे ती बराच वेळ फरश्या मोजत चालली. तोही तिच्याबरोबर एक सोडून एक पाय टाकायला लागला, आणि तिने ते चालवून घेतलं.

शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तो एका बारा मजली कार्यालयाच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत होता. फोनवर शाळेचा मेल आला. मुलगी काल दोन मिनिटं सलग बोलली, स्पष्ट आणि न अडखळता, पण जी भाषा बोलली ती आमच्यापैकी कुणालाच येत नाही. आपल्या घरची असावी. समिती साडेबाराला बसते आहे. ती काय म्हणाली ते कृपया होकारासोबत बारापर्यंत लिहून पाठवावं. सोबत ध्वनिफीत होती. त्याने मोटर बंद केली. खाली कुठल्यातरी मजल्यावर कुणी बटण दाबत राहिलं असणार. आधी शिक्षिकांचा आवाज आला, प्रेमळ, इथल्या भाषेत, बाईंशी बोलतेस तसं आम्हाला थोडं बोलून दाखव ना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मुंगी, मराठीत, अनोळखी माणसांसमोर, लाडाचा एक शब्द न चघळता. "ते मी तुम्हाला दाखवणार नाही. तुम्हाला राग येईल, येऊ दे. ते बाईंचं आहे. त्यांनी मला दिलंय, पण मला देताना दुसऱ्याला द्यायचं की नाही ते सांगितलं नाही. मी आज त्यांना विचारते. त्या हो म्हणाल्या तर सोमवारी येते. नाही म्हणाल्या तर तुम्ही मला तुमचं शिकवा, ते मी शिकेन. पण मग त्यांचं आणि तुमचं एकत्र करायचं नाही. बाबांना मराठी नीट येतं, म्हणून हे मराठीत सांगते, म्हणजे ते तुम्हाला सांगतील." मग कुणीतरी टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज.

त्याने ती फीत तीनदा ऐकली. चौथ्यांदा बायकोला फोन लावून ऐकवली. बायकोने तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तिने बाईंना विचारलं का काल?" त्याला माहीत नव्हतं. "नीट लिही," ती म्हणाली, आणि ठेवताना पुन्हा म्हणाली, "गोड करू नकोस. आणि होकाराचं..." पण तिला कुणीतरी हाक मारली. तो उलट्या डब्यावर बसला आणि लिहायला लागला. दाखवणार नाही याला त्याने आधी लाजली असं लिहिलं आणि खोडलं. नकार दिला असं लिहिलं, ते अहवालासारखं वाटलं, तेही खोडलं. शेवटी प्रत्येक वाक्य होतं तसं, एकाखाली एक, इथल्या भाषेत लिहून काढलं. होकाराची ओळ कोरी होती. ती भरण्याआधी बाईंचं उत्तर हवं होतं, म्हणून त्यांना फोन लावला. त्या दुपारच्या कामाआधी दुसऱ्या एका घरी जायच्या आणि तिथे फोन घ्यायची परवानगी नव्हती, हे त्याला ठाऊक होतं, तरी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून बाईंनी उचलला, मागे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, आणि त्याने विचारलं, "मुंगीला काय सांगितलंत?"